मागच्या सीटचं मृत्युपत्र

इथे ब्रिटनमध्ये आमच्या मुलाच्या शाळेत शेवटच्या वर्षाची मुलं जाताना मृत्युपत्र वाचतात. मे महिन्यात, परीक्षेची सुट्टी लागायच्या आधी, खालच्या वर्गासमोर. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्या कुणाला तरी काहीतरी ठेवून जायचं, एका वाक्यात, आणि वाक्य हसवणारं हवं. कुणी कॅन्टीनमधला गार पिझ्झा ठेवून जातं, कुणी फिजिक्सच्या सरांचा खोकला. सरही हसतात.

मुलाने आपलं वाक्य एका मुलीसाठी लिहिलं होतं. आमच्या पलीकडच्या रस्त्यावर राहणारं मराठी कुटुंब, त्यांची ही एकुलती एक. आमचा मुलगा आणि ती नर्सरीपासून एका वर्गात. दोन वर्षांपूर्वी तिने घराबाहेर पडणं बंद केलं. कारण कुणालाच नीट कळलं नाही, तिलाही नाही. शाळेचा गणवेश घालून ती जिन्यात बसून राहायची. वर्ष बुडालं. मग ती परत जाऊ लागली, एक वर्ष मागे, आणि जायची ती माझ्या गाडीतून. हॉस्पिटलला कामावर जाताना मी मुलाला शाळेत सोडायचो, तिलाही घ्यायचो. ती मागच्या सीटवर बसायची. तिची आई एकदा आमच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता म्हणाली होती, "तुमच्या गाडीत बसते म्हणून शाळेत पोचते हो. बसचं नाव काढलं की हात थंड पडतात तिचे." मुलगा शाळेतून बाहेर पडल्यावरही मी तिला सोडत राहीन, असं मीच कबूल केलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मुलाचं वाक्य साधं होतं. माझा लॉकर मी तिला देतो, वरच्या रांगेतला आहे, दार अडकत नाही. जेवणाच्या टेबलावर त्याने ते वाचून दाखवलं.

"हे काय?" मी म्हणालो. "लोकांना हसवायचंय ना? यावर टाळ्या वाजतील, त्याही सहानुभूतीच्या."

"मग तू सांग ना. तू करतोस ना मंडळात."

मंडळात मी करतो. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. कुणी पन्नाशीचा झाला, कुणी निवृत्त झाला, की 'दोन शब्द' माझेच. माणसाचं मर्म हेरून त्यावर बोट ठेवायचं, पण गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे, ही माझी ख्याती. तिचा मला अभिमान होता. मी भाताचा घास घेतला आणि वाक्य तोंडातच तयार झालं. मूळ इंग्रजी होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'माझ्या बाबांच्या गाडीची मागची सीट मी तिला ठेवून जातो, कारण म्हातारपणाचा फुकट बसचा पास मिळेपर्यंत ती शाळेतच असणार आहे.'

बायको सिंकपाशी होती, ती फस्सकन हसली. मुलगाही हसला, मग थांबला.

"तिला वाईट वाटेल?"

"तिला? माझ्या प्रत्येक जोकला सगळ्यात आधी तीच हसते."

हे खरं होतं. मागच्या सीटवरून तिचं हसू यायचं, हलकं, जरा उशिराने. सकाळी तिच्या दाराबाहेर मी इंजिन चालू ठेवून थांबायचो. ती बाहेर यायची, परत आत जायची, परत बाहेर यायची. मी घड्याळ बघायचो. ती आत बसली की म्हणायचो, "या मॅडम, लाल गालिचा धुवायला टाकलाय." ती हसायची. मी तिला हसवतो असं मला वाटायचं. माझा वैताग मी रोज तिच्या अंगावर टाकत होतो आणि ती तो हसून झेलत होती, हे त्या वेळी दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि सोयीचं वाटलं.

मृत्युपत्रं वाचायच्या असेंब्लीच्या दिवशी मुलगा घरी आला तेव्हा मी दारातच विचारलं, "हसले?"

"सगळे."

"आणि ती?"

"तीपण," तो म्हणाला आणि वर खोलीत गेला. मी खूश होतो. संध्याकाळी हॉस्पिटलातल्या एका मित्राला मी फोनवर तो जोक सांगितला, माझा म्हणून.

सोमवारी मी तिच्या दारापुढे गाडी थांबवली. दार तिच्या आईने उघडलं. "आज बरं नाहीये तिला." मंगळवारीही बरं नव्हतं. बुधवारी आईने फोन केला आणि मग कळलं. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिच्या फोटोचा बसचा पास बनवला होता, पांढरे केस रंगवून, आणि तिच्या लॉकरवर चिकटवला होता. तो काढला तर दुसरा आला. लंचच्या रांगेत मुलं बाजूला होऊन तिला वाट द्यायची. आजीबाईंना आधी.

"माझ्या मुलीला कुणी काही बोललं म्हणून मी फोन करत नाहीये," तिची आई म्हणाली. "पण तुमच्या मुलाने? घरच्या मुलाने?"

इथे मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि वाक्यं तर मला चटकन सुचतात. मी म्हणालो, "संध्याकाळी घेऊन येतो त्याला."

त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. तिचे वडील कार्डिफला कामाला होते, आठवडाअखेर घरी यायचे, त्यामुळे समोर फक्त तिची आई. तिने चहा केला होता. भांडायला आलेल्या माणसांनाही आपल्याकडे चहा होतो. मी मुलाला म्हणालो, "माफी माग."

"सॉरी, मावशी."

"असं नाही. नीट. वाकून नमस्कार कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच मुलगा. त्या नजरेत राग नव्हता. मी आता बोलेन, याची तो वाट बघत होता. बायको कपाकडे बघत होती. मी पुन्हा म्हणालो, "ऐकू येत नाही का?"

तो उठला, वाकला, तिच्या आईच्या पायांना हात लावला. ती गडबडली, तिच्या तोंडून सवयीने "सुखी राहा" निघालं, मग तिला रडू आलं. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं. ते खरंच आलं होतं, म्हणून जास्त लाज वाटते.

निघताना मी पॅसेजमध्ये बूट घालत होतो. बायको आणि मुलगा बाहेर गेले होते. मुलगी जिन्यात बसली होती, वरून चौथ्या की पाचव्या पायरीवर, हुडी डोक्यावर ओढून.

"काका," ती हळू म्हणाली, "तो असं बोलत नाही."

मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, ती लाइन तुझी होती."

"वाचली कुणी?" मी विचारलं.

त्यानंतर तो परीक्षा संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलला. सप्टेंबरात मी त्याला लेस्टरला युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो. खोलीत सामान लावून झाल्यावर तो म्हणाला, "आता सांग त्यांना. मी आता तिकडे नाहीये. मला चालेल." त्याने मला किती सोपं करून दिलं होतं. मी म्हणालो, बघतो.

ती शाळेत परत गेली नाही. तिच्या घरी गणपतीला आम्ही गेलो तेव्हा तिची आई कुणाला तरी सांगत होती, "ऑनलाइन काहीतरी करतेय, बघू." ती स्वतः ट्रेमधून प्रसाद फिरवत होती. बारीक झाली होती. आरतीनंतर गप्पा इथे वाढलेल्या मुलांवर आल्या, ती कशी ऐकत नाहीत, आईबाप कसे त्यांना पाठीशी घालतात. तिच्या आईने माझ्याकडे हात केला.

"यांच्यासारखं हवं," ती सगळ्यांना म्हणाली. "मुलगा चुकला, तर घेऊन आले आणि माझ्या पायाशी वाकायला लावलं. कोण करतं हो आजकाल?"

मंडळातली माणसं माझ्याकडे बघू लागली. मुलगी ट्रे घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिने वर पाहिलं नाही, पण ती ऐकत होती, थांबली होती. मी तिच्या ट्रेमधून एक वाटी उचलली.

"मुलांना चूक कबूल करायला शिकवायलाच हवं," मी म्हणालो.

ती ट्रे घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.