मध्ये न टेकवलेली डोली

“पिवळा नको, शेट. लाल घ्या. उतरताना सगल्यांना बरा वाटतो, चढताना ढोपरा बोलाय लागतात.”

“आणि लाल घेतलं की बोलत नाहीत?”

“बोलतात. पन ती आमची.”

सांगलीचे आरवाडे शेट हसले. हळदीचे व्यापारी, अंगानं भरलेले, पण पाय धडधाकट. त्यांची बायको दमयंतीबाई तिकिटाच्या खिडकीपाशी पाटी वाचत होती. पांढरं तिकीट म्हणजे नुसतं आत जायचं. पिवळ्यावर आकाशपाळणा, झुकझुक गाडी आणि डोलीनं खाली किनाऱ्यापर्यंत. लालवर सगळं, शिवाय डोलीनं परत वर.

“पिवळंच घ्या हो,” ती म्हणाली. “येताना चाललात तर काय बिघडतंय? डॉक्टर चाला म्हणूनच सांगतात.”

“वैनी, तुमचा डाक्टर ही पाखाडी चढला नसल,” काशीराम म्हणाला. “आन् आमची रीत हाय. एकदा उचलली की डोली मधी टेकवायची नाय. त्यो पाळना मधीच आडकतो, झुकझुक गाडीचा इंजान मधीच मरतो. डोली नाय टेकत.”

शेटांनी लाल घेतलं. दमयंतीबाई पोरांना घेऊन पाळण्याकडे गेली.

काशीरामला बोलणं येत होतं, म्हणूनच त्याला खिडकीपाशी उभं करत. पावस गावाच्या पुढे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर हे रिसॉर्ट झालं त्याच्या आधी तो चिरेखाणीवर जायचा. चिरे वाहून वाहून त्याचा खांदाही चिऱ्यासारखाच झालेला. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, जो पिवळ्याचं लाल करील तो राहील. काशीराम राहिला. मागच्या दांड्याला भागोजी, त्याच्या बायकोचा, राहीचा धाकटा भाऊ. दोघांची उंची सारखी, म्हणून जोडी जमली. भागोजी गिऱ्हाइकाशी बोलत नसे. तो वजन उचली, काशीराम गिऱ्हाईक.

डोली मात्र रिसॉर्टची नव्हती. ती वाडीची. वाडी खाली, समुद्राकडच्या उतारावर, आणि गाडी यायची ती वर सड्यापर्यंतच. मध्ये जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, ऊर फोडणारी. आजारी माणूस असो, अडलेली बाई असो, वर यायचं ते डोलीतून. एरवी ती देवळाच्या आढ्याला टांगलेली असे. रिसॉर्टवाल्यांनी देवळात लाइट घालून दिली, कर्णा दिला, आणि डोली मागितली. गावकीनं दिली, वाडीला नड पडली की डोली आधी वाडीची, एवढी अट घालून. मॅनेजर हो म्हणाला. त्याला होच म्हणायचं होतं. डोलीला लाल मखमल ठोकली, गोंडे लावले, आणि जिथं बाळंतिणींचा घाम मुरला होता त्या लाकडाला वार्निश फासलं.

रीत तेवढी जुनी राहिली. माणूस बसलेली डोली वाटेत भुईला लावायची नाही. दम लागला तर हातातल्या दुबेळक्याच्या, टोकाला दोन फाटे असलेल्या काठीवर दांडा तोलायचा, खांदा बदलायचा, निघायचं. मध्ये टेकवली, तर तिच्यात त्यानंतर जो बसेल तो आपल्या पायांनी घरी येत नाही. आणि वाटेतच कुणी गेलं, तर डोली तिथूनच फिरवायची, तीही न टेकवता. काशीरामच्या आज्यानं हे सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. खरं की खोटं हे बघायला कुणी डोली टेकवून बघितली नव्हती.

आरवाडे शेटांनी किनाऱ्यावर पाय भिजवले, शहाळं प्यायले, आणि डोलीत बसून परत निघाले. निम्मी पाखाडी चढून झाली होती. फणसाच्या वळणावर खालून कमळा धापा टाकत आली. ती काशीरामची शेजारीण.

“काशीराम, राहीला पान लागला.”

साप चावला असं इकडे म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

“कुटं?”

“मनगटाला. पेंढा वडाय उडवीच्या ढिगात हात घातलान. नाग व्हता. आप्पानं वर आवळून बांदलान, पन तिच्या पापन्या पडाय लागल्या हायत. डोली आन.”

आप्पा म्हणजे वाडीत खाली उरलेला एकुलता बाप्या, तोही दम्यानं वाकलेला. बाकीचे बाप्ये मुंबईला गिरण्यांत नाहीतर गोदीत. राहीला पाठुंगळी मारून वर आणील असं खाली कुणी नव्हतं.

“काय म्हणतीय बाई?” शेटांनी विचारलं.

“काय नाय, शेट. घरचा काम हाय.”

“भावोजी,” भागोजी मागून हळू म्हणाला, “टेकवूया.”

काशीरामनं दांडा काठीवर तोलला. त्याची पाठ तेवढी भागोजीला दिसत होती.

“ह्याच्या पुढं कोन बसायचा हाय हिच्यात?”

भागोजीनं मागचा दांडाही काठीवर घेतला.

“राहीच ना? मंग?”

“मधी नको टेकवू,” कमळाही म्हणाली. “पळव, पन टेकवू नको.”

तिघांचं एकमत झालं. ज्याला विचारायला हवं होतं तो डोलीत बसून गलबतं मोजत होता.

मग ते पळत सुटले. भरल्या डोलीनिशी त्या पायऱ्यांवर कुणी पळत नाही. काशीरामच्या पायाचा अंगठा फुटला, त्याला कळलं नाही. शेट आधी दांड्याला धरून बसले, मग त्यांना मजा वाटायला लागली.

“आयला, घोडागाडी झाली की राव ही. लालचं सार्थक झालं.”

गेटात डोली टेकली. शेट उतरून धोतर झटकत होते. मॅनेजर पुढं आला.

“आज लवकर आलात. बरं झालं, पुढचे खोळंबलेत.”

“सायब, माज्या बायकोला पान लागलाय. डोली खाली न्हेतो.”

मॅनेजरनं रांगेकडे बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती, लोक ऐकत होते.

“ने. पण ती मखमल काढून ने. ओकली-बिकली तर डाग जात नाही.”

मखमल चुकांनी, बारीक खिळ्यांनी ठोकलेली. भागोजी ती नखांनी उपटायला लागला. आरवाडे शेट मध्येच थांबून काशीरामकडे बघत राहिले.

“अहो, मघाशी ती बाई हेच सांगत होती? मग मला तिथंच उतरवायचं की. मला काय पाय नाहीत? मी तर चालतच येणार होतो. तुम्हीच म्हणालात, ढोपरं बोलतील.”

काशीराम वाकून भागोजीबरोबर मखमल उपटायला लागला.

“बरं, आता ऐका. तिला वर आणा. माझी गाडी आहे. सरळ रत्नागिरीला सिव्हिलला घालतो.”

माणूस चांगला होता. वाईट असता तर काशीरामला सोपं गेलं असतं.

रिकामी डोली घेऊन ते खाली उतरले तेव्हा राही पडवीत आप्पाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. हात कोपरापर्यंत सुजला होता. पापण्या मिटलेल्या, त्या तिनं बोटांनी उचलून नवऱ्याकडे बघितलं. जीभ जड झालेली.

“गिऱ्हाईक व्हता?”

“व्हता.”

“लाल?”

“लाल.”

“बरा,” ती म्हणाली.

तिला डोलीत बांधली, कारण तिची मान धरत नव्हती. पाखाडी चढताना काशीराम पुढून बोलत राहिला. ही गाडी मोठी हाय, शेट चांगला हाय, सिव्हिलात इंजेक्शन मिळतो, मागल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या रावजीला लागलेला, आज नांगर धरतोय. राही आधी हुंकार देत होती. फणसाच्या वळणापासून नुसता घसा घरघरत होता. काशीरामनं तिथं खांदासुद्धा बदलला नाही.

वर गेट दिसायला लागलं. शेटांनी गाडी तोंड वळवून उभी केली होती, मागचं दार उघडं होतं.

“भावोजी.”

“काय?”

“फिरव.”

मागचा माणूस डोलीतल्याचं तोंड बघत चालतो. पुढच्याला फक्त दांडा कळतो. काशीरामनं मागं वळून बघितलं नाही. त्यानं काठीवर दांडा तोलला, दुसऱ्या खांद्याला घेतला, आणि डोली न टेकवता फिरवली.

“अहो, इकडं,” वरून शेट ओरडत होते. “गाडी इकडं आहे. परत कुठं चाललात?”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दोन-तीनदा दिला. डोली पायरी-पायरी उतरत गेली. शेटांना बहुतेक वाटलं असावं, ही माणसं अडाणी आहेत. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

वाडीत पुढं बोलणं व्हायचं ते झालं. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा कमळा बायकांत म्हणाली, “मी बोल्लेली त्याला, टेकव म्हनून. गिऱ्हाईक प्यारा त्याला.” काशीरामनं ऐकलं. भागोजीनंही ऐकलं. वळणावर ती काय म्हणाली होती हे दोघांना ठाऊक होतं, आणि भागोजी खाली मान घालून दर्भ खुडत बसला. त्या दिवसापासून त्यानं काशीरामला भावोजी म्हणणं सोडलं. हाक मारायची वेळ आलीच तर “ओ डोलीवाले” म्हणायचा. पोराबाळांच्या देखत म्हणायचा.

बारावं झालं तसा मॅनेजरचा निरोप आला. सुट्ट्यांचे दिवस, येताय की दुसरी जोडी बघू? सारख्या उंचीचे दोघं वाडीत दुसरे नव्हते. भागोजीला काशीराम नको होता, काशीरामला डोली नको होती. दोघंही सकाळी पाखाडी चढून वर गेले, पुढं-मागं, मध्ये बरंच अंतर ठेवून. डोलीला नवी मखमल ठोकलेली होती. या खेपेला निळी.

खिडकीपाशी निपाणीचे एक वकील उभे होते.

“पिवळं घेतो,” ते म्हणाले. “येताना चालेन मी. जमेल ना चालायला?”

काशीराम खिडकीच्या फळीकडे बघत राहिला. मॅनेजर आतून त्याच्याकडे बघत होता. वकिलांनी पिवळ्याला हात घातला.

“पिवळा नको, सायब,” मागून भागोजी म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि एकेक शब्द काशीरामच्या चालीवर बोलत होता. “लाल घ्या. उतरताना सगल्यांना बरा वाटतो, चढताना ढोपरा बोलाय लागतात. आन् आमी एकदा उचलली की मधी टेकवत नाय. काय पन होवदे. इचारा ह्या डोलीवाल्याला.”

“खरं का हो?” वकिलांनी विचारलं.

“खरा हाय,” काशीराम म्हणाला.

लाल तिकीट फाटलं. वकील चप्पल सावरत डोलीत बसले, निळ्या मखमलीवरून हात फिरवून बघितला. काशीरामनं काठी घेतली, पुढच्या दांड्याखाली खांदा घातला.

“उचल.”

भागोजीनं उचलली.