दाराला आधी विचारा

सॅमसन अंकल बंद दार दिसलं की आधी त्याला हाताची उलटी बाजू लावत, क्षणभर थांबत आणि मगच मूठ फिरवत. ही बंबवाल्यांची सवय. पलीकडे आग असेल तर दार तापलेलं असतं, आणि तळहात भाजला तर पुढचं काम करता येत नाही, म्हणून उलटा हात. इस्राएलातल्या डिमोना गावच्या आमच्या फायर स्टेशनात हे सगळ्यांनाच शिकवलेलं होतं. पण बाकीचे ते आगीच्या जागी करत, अंकल सगळीकडे करत. बँकेच्या दाराला, लग्नाच्या हॉलच्या दाराला, डॉक्टरच्या केबिनला. स्टेशनातल्या संडासाच्या दारापुढे ते असे गंभीरपणे हात लावून उभे राहिले की नव्याने भरती झालेले रशियन जवान भिंतीकडे तोंड करून हसत. अंकलना ते कळत असे. "हसा," ते म्हणत, "पण दाराला आधी विचारा. माणूस खोटं बोलेल, दार बोलत नाही."

मी त्या स्टेशनात फोनवर बसायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कामाच्या पहिल्या दिवशी सगळे माझ्याशी हिब्रूत बोलले, एक सावळा, ठेंगण्या बांध्याचा, जाड मिशीचा माणूस तेवढा जवळ येऊन मराठीत म्हणाला, "तू कुठली गं?"

"ठाण्याची. दहावीपर्यंत तिथंच शाळेत होते."

"मग फर्स्ट क्लास झालं. आपल्या म्हाताऱ्या घाबरल्या की हिब्रू विसरतात. इथला पोरगा फोन उचलतो आणि त्या त्याला सांगतात, 'अरे मेल्या, पडदा पेटला.' त्याला काय कळणार?"

हे होते सॅमसन पोयनाडकर. मुंबईहून विशीत आलेले, तिथं गिरणीत फिटर होते, इथं येऊन बंबावर चढले ते रिटायर होईपर्यंत उतरले नाहीत. लग्न केलं नाही. आई आणि ते, दोघंच एका जुन्या चार मजली इमारतीत राहत. आईचं नाव सिमखाबाई. आम्ही सगळे तिला आजी म्हणायचो.

वाळवंटातल्या गावात आग लागून लागणार कशाला, असं मला वाटायचं. पण डिमोनाची थंडी कोरडी आणि बोचरी, घराघरांत रॉकेलचे हीटर. पेसाखच्या सणाच्या आदल्या दिवशी घरातला उरलासुरला पाव जाळायची पद्धत, त्यात कुणाचं तरी कुंपण जायचं. लाग बाओमेरच्या सणाला पोरं होळ्या पेटवायची. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या तर दर आठवड्याला होत्याच. शिवाय हायवेवरचे अपघात. तिथं आमचे लोक मोठी कातरी घेऊन गाडीचा पत्रा कापायचे आणि आतल्या माणसाला बाहेर काढायचे. अंकल अशा वेळी आतल्या माणसाशी सतत बोलत राहत. तो मोरोक्कन असो, बेदुईन असो, अंकल मधूनमधून मराठीत "सावकाश, सावकाश" म्हणत. पुढं पुढं आमच्या स्टेशनातले सगळेच म्हणायला लागले. एक शब्दही मराठी न येणारा माणूस वायरलेसवर "सावकाश" ओरडतोय हे मी रोज ऐकत होते, आणि मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालं होतं.

अंकलचं खरं वेड म्हणजे रिपोर्ट. प्रत्येक कॉलनंतर हिब्रूत रिपोर्ट लिहायचा असे. ते जीभ बाहेर काढून, उजवीकडून डावीकडे हळूहळू लिहीत, आणि मिनिटं मात्र मराठीत पुटपुटत. एकदा मी फोनच्या नोंदीत "सुमारे सव्वादहा" असं लिहिलं. ते वही घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सुमारे म्हणजे काय गं?"

"म्हणजे सव्वादहाच्या आसपास."

"आसपास कोण जळतो? सुमारे हा शब्द इथं नको. आधी धूर येतो, मग आग, मग आपण. आपण नेहमी तिसरे. किती उशिरा तिसरे, तेवढं तरी खरं लिहू या."

मी गुपचूप खोडून दहा-चौदा केलं. मनातून मला राग आला होता, पण ते बरोबर होते.

दर शुक्रवारी ड्यूटी नसेल तेव्हा ते दुपारी गावात फेरी काढत. आपल्या लोकांच्या, म्हणजे कोकण-मुंबईकडून आलेल्या मराठी ज्यूंच्या, त्यातही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी. हीटरची वात बघायची, गॅसची नळी वाकवून बघायची, मेणबत्त्या पडद्यापासून लांब सरकवायच्या. कुणाकडे एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या घरोघर येणाऱ्या संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा असला तर ताटाभोवती सगळे जमलेले असतानाही हे आधी खिडकी उघडायचे. "हन्नाबी येईल तेव्हा येईल, हवा आधी येऊ दे." आणि प्रत्येक घरात फोनच्या वर भिंतीवर लाल रंगानं, मोठ्या मराठी आकड्यांत, आगीचा नंबर लिहायचे. मग एकच पाठ: "शब्बाथला पण फिरवायचा. समजलं ना? जीव वाचवायला सगळं चालतं. रब्बीला विचारा."

म्हाताऱ्या माना डोलवत आणि मनात ठरवत की फिरवायचा नाही. शब्बाथला आग पेटवायची नाही, वीज लावायची नाही, फोनला हात लावायचा नाही. कोकणात गावं आमच्या लोकांना शनिवार तेलीच म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. धर्मातलं दुसरं काही ठाऊक नसलेल्या काळातही जे राखलं ते इथं, खुद्द इस्राएलात येऊन, एका फोनपायी मोडायचं?

तरी हळूहळू फरक पडला. एका शनिवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे लेआबाई होत्या, सत्तरी उलटलेल्या. दम खात म्हणाल्या, "मी काही फोन करत नाहीये हां. डाव्या हातानं उचललाय, पदर गुंडाळून. पण किचनमधे धूर आहे." गाडी चार मिनिटांत पोचली. शब्बाथला जेवण गरम ठेवायची विजेची तापपट्टी टेबलक्लॉथवर ठेवलेली होती, दुसरं काही नाही. अंकल परत आले ते इतके खूश की त्यांनी सगळ्या स्टेशनला चहा पाजला. रिपोर्टात मात्र काटेकोरपणे लिहिलं, "माहिती फोनवरून मिळाली." पदराचं लिहिलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरातही नंबर लिहिलेला होता, सगळ्यांत मोठा. आजी त्याच्याकडे बघून म्हणायची, "आमच्या आज्यानं पोयनाडला शनवारी कधी घाणा फिरवला नाही. मी फोनची चकती फिरवू होय?" मला वाटायचं, आता अंकल रब्बी काढतील, पाठ म्हणतील. पण ते नुसतं "बरं आई" म्हणायचे आणि बूट घालायला लागायचे. गावभर वाद घालणारा माणूस घरात का गप्प बसतो, हे मला बरीच वर्षं समजलं नाही.

समजलं ते आजीमुळेच. अंकलच्या रिटायरमेंटला वर्षभर उरलं असेल. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते, अंकल पाव आणायला खाली उतरले होते. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रूथ, तुमच्या तिथं जुन्या वह्या असतात ना? सगळं लिहिलेलं असतं?"

"असतं की."

"आमच्या खाली एक रुमानियन म्हातारा राहायचा. एकटा. तू यायच्या आधीची गोष्ट. तो कधी गेला, ते बघून सांगशील मला?"

मग तिनं गोष्ट सांगितली. शनिवारची सकाळ, सगळी इमारत देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, गेलेली. तिचे गुडघे धरले होते म्हणून ती घरी. खालच्या दाराखालून धूर येताना तिला दिसला. दार वाजवलं, उत्तर नाही. वर घरात फोन होता, शेजारच्या जिन्यात दोन घरांत होता. तिनं चपला घातल्या आणि चालत निघाली, सॅमसन ड्यूटीवर होता म्हणून स्टेशनकडे. भर थंडीत, वाकड्या गुडघ्यांनी. वाटेत दुकानाबाहेर सार्वजनिक फोन होता, तोही तिनं ओलांडला. शब्बाथ मोडला नाही आणि मदतही आणली, दोन्ही केलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. म्हातारा वाचला नाही. संध्याकाळी सॅमसननं घरी येऊन सांगितलं, "आई, तू निघालीस तेव्हाच तो गेलेला होता."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीतून ती वही काढली. अंकलचंच अक्षर होतं. माहिती देणारी: एक बाई, पायी आली. वेळ नऊ-चाळीस. गाडी पोचली नऊ-चव्वेचाळीस. दार गरम. नऊ-बावन्नला माणूस बाहेर काढला, जिवंत. बेअरशेवाच्या हॉस्पिटलात दुपारी चारला मृत्यू. घरातून आमच्या स्टेशनपर्यंत मी एकदा आजीबरोबर चालले होते. तिला पंचवीस मिनिटं लागली होती. हिशोब कुणालाही जमला असता. वहीत एकही सुमारे नव्हतं. सगळं खरं लिहून, सही करून, घरी जाऊन ते आईशी खोटं बोलले होते.

भिंतीवरच्या लाल आकड्यांचा अर्थ मला त्या खोलीत लागला. गावातल्या इतर म्हाताऱ्यांना ते त्या रुमानियनचं नाव घेऊन समजावू शकत होते, समजावतही असतील. घरात मात्र त्यांचं तोंड बंद होतं. फोन कर म्हणून आग्रह धरला असता तर आईनं विचारलं असतं, तेव्हा केला असता तर काय झालं असतं? म्हणून "बरं आई". मला त्या माणसाची फार दया आली. आणि रिपोर्टावरून त्यांनी माझ्यावर काढलेला सगळा राग त्या दिवशी मी माफ करून टाकला.

आजीला मी दोन दिवसांनी सांगितलं, "तुम्ही निघालात तेव्हाच तो गेला होता, आजी." तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तोही असाच खाली बघून बोलला होता."

मी मान वर केली.

"मला ठाऊक आहे हे सॅमसनला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यानं एवढी वर्षं सांभाळलंय. त्याचं मोडायला नको." आणि उठून चहा टाकायला गेली. तेव्हापासून त्या घरात तिघंजण एकच गोष्ट जाणत होते आणि मी धरून कुणीच बोलत नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

अंकल रिटायर झाले तेव्हा जवानांनी त्यांना एक दार भेट दिलं. खरंच, भंगारातलं लाकडी दार, वर सगळ्यांच्या सह्या. अंकलनी आधी त्याला उलटा हात लावला, तेव्हा हशा झाला. पुढं ते शुक्रवारची फेरी काढत राहिले. पगारी काम सुटलं एवढंच.

वर्षभरानंतरची एक शनिवारची सकाळ. मी ड्यूटीवर होते. साडेसातच्या सुमाराला, चुकले, सात-एकतीसला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कुणी तरी नुसतं श्वास घेत होतं.

"बोला," मी हिब्रूत म्हटलं.

"रूथ आहे का?"

"आजी?"

"मी सॅमसनची आई बोलते," ती म्हणाली, जणू मी तिला ओळखत नव्हते. "नंबर भिंतीवर आहे तोच फिरवला. सॅमसन उठत नाही. त्याच्या दाराला हात लावला, दार गार आहे. आत गेले. तो पण गार आहे."

मी अँब्युलन्स पाठवली आणि आमची गाडीही पाठवली. गाडीचं तिथं काही काम नव्हतं, पण जवानांनी मला विचारलंही नाही. डॉक्टरनं सांगितलं, पहाटे झोपेतच हृदय थांबलं, तीन-चार तास होऊन गेले असतील. माझी पाळी संपल्यावर मी तिकडे गेले. जिन्यात सगळे जवान हेल्मेट काखेत धरून उभे होते. आजी खाटेवर बसली होती. तिच्या समोर भिंतीवर ते लाल आकडे.

मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "उठल्याबरोबर केला मी. चहासुद्धा नाही घेतला. उशीर केला का गं मी?"

"नाही आजी. ते आधीच गेले होते."

तिनं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं. मी तिच्या डोळ्यांत बघून परत म्हटलं, "पहाटेच गेले होते, आजी. तुम्ही उठायच्या आधी."

ती बघत राहिली. मग हनुवटी सोडली.

"हो," ती म्हणाली. "हे खरं आहे."