सुजाताचं बोलणं ऐकायला

पुण्याहून सकाळची गाडी सुटायच्या बेतात होती. नंदिनी माझ्या मांडीवर होती आणि माझे यजमान फलाटावर उभे राहून पुन्हा बजावत होते, की दोन दिवसांत परत ये, सोमवारी कळवायचं आहे. कळवायचं होतं परगावच्या एका संस्थेला. ज्यांना काही समजत नाही अशी मुलं ते लोक कायमची ठेवून घेत. नंदिनी तेव्हा सात वर्षांची होती. दीड वर्षाची होईपर्यंत ती ‘आई’ म्हणायची, ‘काऊ’ म्हणायची, वाटी हातात धरायची. मग एकेक शब्द गेला, वस्तू धरणं गेलं, आणि दोन्ही हात छातीशी आणून ते सारखे एकमेकांवर चोळत राहणं तेवढं उरलं. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. आजाराचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. हिला काही कळत नाही, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

तसं न सांगणारी एकच बाई मला भेटली. कमलताई रुग्णालयात नर्स होत्या. नंदिनीचे हात बघून त्या म्हणाल्या, की खालापूरजवळ माझ्या भावाची मुलगी अगदी अशीच आहे. सुजाता तिचं नाव, तेरा वर्षांची, आणि ती बोलते. मी विचारलं, बोलते म्हणजे काय?

“तोंडानं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाऊन बघा. मला सांगता यायचं नाही.”

त्यांनीच भावाला पत्र टाकलं. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं होऊन गेली.

नंदिनीला घाटात एसटी सोसत नसे, म्हणून मी आगगाडी धरली होती. बोगदा आला की तिचे हात जोरात चालत, उजेड आला की मंदावत. कार्तिक लागला होता. घाट उतरताना खाली कर्जतकडची भातखाचरं दिसायला लागली. काही कापलेली, काही अजून पिवळी. मधूनच ओढ्यावर उजेड चमकायचा. एरवी मी खिडकीशी बसून सगळं बघत गेले असते. त्या दिवशी पुनःपुन्हा नंदिनीकडेच बघत होते.

कर्जतला पहिली फजिती झाली. नंदिनीला कडेवर घेऊन पूल उतरेपर्यंत खोपोलीची गाडी निघून गेली. पुढची दुपारी होती. चहावाल्याने मला बाकावर बसवलं, न मागता पाणी दिलं.

“चौकची एसटी धरा, ताई,” तो म्हणाला. “तिथनं खालापूर लय लांब नाय.”

मग त्याने कागदात बांधून एक गरम वडा नंदिनीसमोर धरला. तिचे हात चोळतच राहिले. मी सवयीने म्हणाले, की तिला काही कळत नाही हो, द्या माझ्याकडे. हे वाक्य मी तोवर किती जणांना ऐकवलं असेल, ते सांगता यायचं नाही. दर वेळी ती तिथेच असायची.

चौकच्या वाटेवर शेजारच्या बाईने बोट करून इरशाळगडाचं नेढं (सुळक्याला आरपार पडलेलं भोक) दाखवलं. एवढ्या थोरल्या काळ्या दगडातून पलीकडचं निळं आभाळ दिसत होतं. बाई कौतुकाने सांगत होती, मी मान डोलावत होते. चौकला उतरून दुसरी एसटी धरली आणि खालापूरला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कचेरीपुढे कागद हातात धरून माणसं झाडाखाली बसली होती. कमलताईंचे भाऊ यशवंतराव तिथेच उभे होते. मोहोपाड्याच्या कारखान्यातली पाळी संपवून ते परस्पर आले होते.

त्यांनी मला नमस्कार केला आणि वाकून नंदिनीला म्हणाले, “नंदिनी, आता मी तुला उचलणार हाय. चालंल?”

आणि ते थांबले. मला वाटलं, हे अवघडले असावेत. मी म्हणाले, घ्या ना, ती काही करत नाही. त्यांनी हसून मान हलवली, पण उचललं नाही. तसेच वाकून राहिले. पुष्कळ वेळाने नंदिनीची नजर त्यांच्या चेहऱ्यावर आली. मगच त्यांनी तिला उचललं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. घर पाताळगंगेच्या काठापासून थोडं आत होतं. खोपोलीच्या वीजघराचं पाणी सुटत असल्यामुळे नदी भरून वाहत होती. ओटीवर (घरापुढच्या बसायच्या जागेवर) सुजाता बसलेली होती. वडिलांनी तिच्या मापाने लाकडी खुर्ची केली होती आणि ती घसरू नये म्हणून कमरेशी जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. सडपातळ पोर, दोन घट्ट वेण्या. तिचे हात छातीशी होते आणि ते चोळणं चाललं होतं. तेच हात, तीच लय. जगात अशी आणखी एक आहे, हे मला कमलताईंनी सांगूनही खरं वाटलं नव्हतं.

यशवंतरावांनी नंदिनीला समोर चटईवर टेकवून बसवलं. रत्नाताई, सुजाताची आई, चहाचं आधण तसंच ठेवून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “जरा गप ऱ्हाऊ या.”

दोघी मुली एकमेकींकडे बघत होत्या. ओझरतं नव्हे. माणूस आरशात बघतं तसंही नव्हे. नंदिनीची नजर सुजाताच्या हातांवर गेली, चेहऱ्यावर आली, पुन्हा हातांवर गेली. सुजाताने श्वास रोखला, सोडला आणि खळखळून हसली. थोड्या वेळाने नंदिनीही हसली. ती हसायची, पण कशाला हसते ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

आतली एक भिंत चुन्याने पांढरी केलेली होती. एका बाजूला बुद्धाची तसबीर, आणि बाकी भिंतीवर यशवंतरावांनी कोळशाने काढलेली चित्रं: हंडा, ताट, अंथरूण, नदी, एसटी, पोट धरून बसलेली बाई, झोळीतलं मूल. सुजाताला काही सांगायचं असलं की ती त्या चित्राकडे बघते. आई विचारून खात्री करून घेते. ‘हो’ असेल तर आईच्या चेहऱ्याकडे बघते, ‘नाही’ असेल तर खाली जमिनीकडे. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? रत्नाताईंना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, की ती बघत होती, आम्ही ती कुठे बघते ते बघायला लागलो. चित्रं फार नंतरची.

मला ते पटलं आणि पटलं नाही. आईची माया आहे, मनाला येईल तसा अर्थ लावते, असंही मनात आलं. तेवढ्यात डोंगरालगतच्या वाडीतली एक ठाकरीण करांद्यांची (रानातल्या कंदांची) पाटी घेऊन आली. ती दर आठवड्याला येत असे. तिने पाटी सुजातापुढे उतरवली. सुजाताने पाटीकडे पाहिलंच नाही. तिने बाईकडे पाहिलं आणि मग उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे. कितीतरी वेळ. रत्नाताई उठल्या आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेल्या. झोळीतल्या मुलावर बोट आलं तेव्हा सुजाताने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तुजं पोर कुटं हाय, इचारते,” रत्नाताई त्या बाईला म्हणाल्या.

बाई नेहमी मूल पाठीला बांधून येई. त्या दिवशी पाठ रिकामी होती आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती खाली बसली आणि तिच्या वाडीच्या बोलीत सुजाताला सांगू लागली. मला अर्धंच समजलं. पोराला ताप होता, आजीपाशी ठेवलं होतं. सुजाता ऐकत होती. मी ओटीवर खांबाला टेकून उभी होते. वाटी हवी, पाणी हवं, एवढं ती सांगत असेल असं धरून मी आले होते. ती प्रश्न विचारत होती, दुसऱ्याच्या पोराची चौकशी करत होती.

जेवायची वेळ झाली तशा रत्नाताई दाराशी घुटमळल्या. “आमच्याकडं जेवाल ना तुमी?” त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाच्या मागे काय आहे ते मला समजलं आणि लाज वाटली. मी म्हणाले, भूक लागली आहे, पान वाढा. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम वालाची उसळ केली होती. नंदिनीसाठी दूधभात मी स्वतः कालवला. गेली पाच वर्षं ती तेच खात होती, किंवा मी तिला तेच भरवत होते. रत्नाताईंनी एका हातात दूधभाताची वाटी घेतली, दुसऱ्या हातात आपल्या ताटातला जवळ्याचा (सुकवलेल्या बारीक कोळंबीचा) भात. दोन्ही तिच्यासमोर धरले आणि विचारलं, कोणतं देऊ?

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. “लवकर नाय येत ह्यांचं,” त्या हलकेच म्हणाल्या. “आतून यायला वाट लांब हाय.”

मी मनात आकडे मोजत होते. साठाच्या पुढे गेले. मग नंदिनीची मान थरथरली आणि नजर सरकत सरकत जवळ्यावर जाऊन थांबली. रत्नाताईंनी हातांची अदलाबदल केली. पुन्हा तेवढाच वेळ गेला. नजर पुन्हा जवळ्यावर. आमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. मी तिला तो भात भरवला आणि तो संपेपर्यंत ती एकदाही तोंड न फिरवता जेवली. यशवंतराव हसायला लागले, आणि मीही हसता हसता रडले.

रात्री मुक्काम तिथेच केला. सकाळी निघताना मी रत्नाताईंना विचारलं, सगळंच सांगते का हो ही?

“कदी सांगते, कदी नाय,” त्या म्हणाल्या. “आपुन तरी सगळं सांगतो का, ताई?” आणि एक गोष्ट त्यांनी वर सांगितली. भ्याली की ती श्वास धरून ठेवते, तेही बोलणंच समजा.

परतीला कर्जतला घाटासाठी मागे इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबली. डब्यात आम्ही दोघीच एका बाकावर होतो. मी नंदिनीला माझ्याकडे तोंड करून बसवलं आणि सोमवारी काय कळवायचं आहे ते तिला सांगितलं. संस्था कुठे आहे, तिथे कोण असतं, आम्ही किती दिवसांनी भेटायला येऊ. तिच्याशी कुणी हे बोललंच नव्हतं. तिच्या पुढ्यात बोललो होतो, तिच्याशी नाही.

तिने श्वास धरला. धरलाच. ओठ निळसर झाले. असं ती गेले सहा महिने करत होती आणि आम्ही ते आजाराच्या खात्यात टाकलं होतं. गेले सहा महिने घरात संस्थेचीच बोलणी चालली होती.

“नाही पाठवणार,” मी तिला म्हणाले. “कुठेच नाही पाठवणार तुला.” आणि थांबले. गाडी हलली, बोगदे सुरू झाले. लोणावळा यायच्या आधी केव्हातरी तिचा श्वास सरळ झाला आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. पुणं येईपर्यंत मीही दुसरीकडे पाहिलं नाही.

यजमानांना पटवायला सोमवार पुरला नाही. मी त्यांना करून दाखवायला गेले तर नंदिनीने कशाकडेच पाहिलं नाही. ते म्हणाले, तू दमली आहेस. पण संस्थेला पत्र त्यांनी टाकलं नाही, आणि तीन आठवड्यांनी एका रविवारी मला न सांगता ते स्वतःच तिच्यासमोर जाऊन बसले. काय विचारलं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते, आणि म्हणाले की नंदिनी इथेच राहील.

मी बरेच प्रवास केले. पण माझ्याच घरात माझ्या शेजारी एक माणूस सात वर्षं राहत होतं आणि मी त्याच्यापर्यंत पोचले नव्हते, हे कळायला मला खालापूरला जावं लागलं. नंदिनी आता अठराची आहे. आजाराला नाव आहे म्हणतात, पण आम्हाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. तिची सगळीच उत्तरं मला कळतात असंही नाही. दर कार्तिकात आम्ही तिघं त्या घरी जातो. गेल्या गेल्या दोघींना ओटीवर समोरासमोर बसवतो आणि आम्ही मोठी माणसं गप्प बसतो. त्यांचं बोलून झालं की मग रत्नाताई मला विचारतात, प्रवास कसा झाला.