कवळीकाकांचे साचे

कवळीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस गल्लीत आता उरलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांची मापं यायची आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावर कवळ्या करायचे. उभं आयुष्य त्यांनी दुसरं काही केलं नाही. रस्त्यात कुणी हसत समोर आलं की काका आधी दात बघत आणि मग माणूस ओळखत. "हसू त्याचं आहे, पण दाढा माझ्या," असं ते काकूंच्या कानात पुटपुटत, आणि काकू त्यांना कोपराने ढोसत.

पुढे डॉक्टरांना यंत्रावर झटपट कवळ्या करून देणारे भेटले आणि काकांकडे मोडतोड आणि क्वचित एखादी जादा कवळी एवढंच यायला लागलं. रिकाम्या हातांचा कारागीर घरात फार केविलवाणा दिसतो, आणि त्याहून जास्त मध्येमध्ये येतो. काकांनी घरातली सगळी बिजागरं पॉलिश केली. मग पळ्या केल्या. काकूंचा चष्मा इतका घासला की त्यातून दिसेनासं झालं.

काकूंना मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी साबण करायला घेतला होता. बसस्टँडजवळच्या लॉजचा मालक खोल्यांमध्ये ठेवायला छोटे साबण शोधतोय, हे कळल्यापासून तर त्यांनी जेवणाकडेही लक्ष देणं सोडलं. तेलाचं प्रमाण जरा बदलायचं, वाटीभर साबण करून बघायचा, बिघडला की पुन्हा प्रमाण बदलायचं, असं चाललं होतं. अडचण साच्यांची होती. वाटीभर साबण मोठ्या डब्यात ओतला तर तळाशी पापड व्हायचा. दह्याच्या डब्यातून निघायचा नाही. काड्यापेटीत कागद घालून ओतला तर कागदासकट निघायचा, आणि अंग घासताना कागदच आधी लागायचा.

साचा हा शब्द कानावर पडला आणि काकांचे हात शिवशिवायला लागले. "अगं, साचे हे माझं काम आहे," असं म्हणून त्यांनी जबड्याची मापं घ्यायचे आपले जुने ट्रे आणले, त्यांची भोकं मेणाने बुजवली आणि मोठ्या ऐटीत ओट्यावर मांडले. ट्रे ॲल्युमिनियमचे होते. साबणात कॉस्टिक सोडा असतो आणि कॉस्टिकचं ॲल्युमिनियमशी मुळीच पटत नाही. काकूंनी ओतल्याबरोबर ट्रे फसफसले, साबण काळा पडून फुगला आणि ओट्यावरून उतरून चालायला लागला.

"यापुढे माझ्या साबणाच्या आसपास दिसलात तर बघा!" काकू कडाडल्या.

काका मागच्या खोलीत जाऊन बसले. राग ट्रेचा आला नव्हता. या घरात आपल्याला आता कुणी काही विचारणार नाही, याचं त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. काकूंच्या त्या कामात त्यांना एवढीशी जागा हवी होती, बाकी काही नको होतं.

ती जागा मिळाली ती फ्रीजमधल्या प्लॅस्टिकच्या बर्फाच्या ट्रेमुळे. काकू आता त्यातच साबण ओतत होत्या. काकूंनी आधीचा साबण काढायला तो इतका आपटला होता की त्याला तडा गेला होता, आणि ते कळलं नवा साबण त्यात ओतल्यावर. खालून गळती सुरू झाली. पातेल्यातला उरलेला साबण घट्ट होत चालला. अर्धा पांढरा होता, अर्ध्यात नक्षीसाठी गुलाबी माती कालवली होती.

"अहो! साचा! कसलाही द्या, पण पटकन द्या!"

काका धावत आले. घरात साचे एकाच प्रकारचे होते. गिऱ्हाइकाला जादा कवळी हवी असेल, तर जुनीवरून सिलिकॉनचा साचा घेऊन काका तशीच दुसरी करत. ते सगळे साचे त्यांनी कवेत भरून आणले.

"ओता यात! कसंही ओता!" काकू ओरडल्या.

"कसंही कसं ओतू?" काकांना खरोखरच कळेना. त्यांनी खिशातून ड्रॉपर काढला, पांढरा साबण दातांच्या खाचांत एकेक करून सोडला आणि मागून गुलाबी भरला.

"अहो, कवळी नाहीये ती!"

"माहितेय गं. पण हात तसाच वळतो."

दोन दिवसांनी साचे उघडले आणि काकूंनी कपाळाला हात लावला. थाळीत गुलाबी हिरड्यांचे, पांढऱ्या दातांचे जबडे ओळीने हसत बसले होते. पंचाईत अशी की साबण मात्र उत्तम जमला होता. टणक, चकचकीत, कुठे भुकटी नाही की कोपरा तुटलेला नाही. आजवरच्या सगळ्यांत चांगला साबण जबड्यांच्या रूपात आला होता. नवा करून वाळवायला पुन्हा पहिल्यापासून आठवडे मोजावे लागले असते आणि नमुना बघायला येणारा लॉजमालक तेवढा थांबणार नव्हता.

काकूंनी मनाशी ठरवलं. जबडे मागच्या खोलीत वाऱ्याला वाळू द्यायचे. मालक येणार त्या सकाळी एकाला जीभ लावून बघायची. साबण कच्चा असला तर जीभ झणझणते. नाही झणझणली तर सगळ्यांचे सुरीने तुकडे करायचे, म्हणजे ते काय होतं हे कुणाला कळणार नाही. तुकडे करायचे म्हटल्यावर काकांनी एक जबडा उचलून मऊ फडक्याने पुसला आणि थाळीत परत ठेवला.

मालक नेमका लवकर आला. काकू सुरी धुवत होत्या. मालकाचं दुहेरी काम होतं. साबण बघायचा होता आणि काकांकडे करायला टाकलेली जादा कवळीही न्यायची होती. तो सरळ मागच्या खोलीत शिरला. काका त्याची कवळी शोधायला कपाटाकडे वळले, तेवढ्यात मालकाला थाळी दिसली.

"ही माझी," तो खुशीत म्हणाला. "पुढचा दात जरासा तिरका आहे ना, लगेच ओळखली." साच्यात तिरका दात उतरला होताच, कारण साचा त्याच्याच कवळीचा होता. त्याने तोंडातली कवळी काढून खिशात टाकली, थाळीतला जबडा टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि तोंडात बसवला.

काका वळले तेव्हा उशीर झाला होता.

"बशली बघा झकाश," मालक म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा बाहेर आला. मग दुसरा आला. मग हनुवटीवरून शर्टावर पांढराशुभ्र फेस उतरायला लागला. मालक गोंधळून आणखी बोलायला गेला आणि बोलेल तितका फेस वाढत गेला.

सुरी हातात घेतलेल्या काकू दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा:

"जीभ झणझणतेय का?"

मालकाने सुरीकडे बघत जोरजोरात मान हलवली. नाही.

"नीट सांगा. जरासुद्धा नाही?"

"नाय! नुशती घाण लागतेय!"

"जमला!" काकू ओरडल्या आणि सुरीसकट टाळी वाजवायला निघाल्या होत्या, ती सुरी काकांनी वेळेवर काढून घेतली.

मालकाच्या चुळा बराच वेळ चालल्या. बादली भरली तरी फेस संपेना. शेवटी आपली खरी कवळी लावून, तोंड पुसत तो खुर्चीवर बसला. दोघं नवराबायको मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभे होते.

"फेस जोरदार आहे," मालक म्हणाला. "आमच्या हातपंपाच्या जड पाण्यालाही हटणार नाही. चालेल मला. पण दात नकोत. पाहुणे रात्रीच चालते होतील. तळहातात मावतील असे छोटे गोल, सगळे सारखे, असे कधीपर्यंत द्याल?"

हा प्रश्न त्याने काकूंना विचारला. साबण काकूंचा होता. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि पदराला हात पुसले.

"ते यांना विचारा," त्या म्हणाल्या. "साचे हे बघतात."

मालकाने खुर्ची काकांकडे फिरवली. कित्येक महिने ज्याला पॉलिश करायला बिजागरंसुद्धा उरली नव्हती, त्या माणसाने घसा खाकरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बघावं लागेल," काका म्हणाले. "सध्या जरा गडबडीत आहे."