पडदा येईपर्यंत

अत्याचाराच्या खटल्यात साक्ष देणाऱ्या बालकाला आरोपी दिसता कामा नये, असे कायदा बजावतो. तरीही पडेगावहून मी माझ्या आठ वर्षांच्या नातीला साक्षीसाठी नेले, तेव्हा न्यायकक्षात साधा पडदा नव्हता. मी संतापून तिथेच तक्रारअर्ज लिहू लागलो. गणवेशाऐवजी साडी नेसून आलेली एक महिला पोलीस म्हणाली, “काका, तुमचा पडदा यील तवा यील. तवर मी हाय की, लई रुंद!”

रडवेली नात हसली. न्यायाधीशांच्या परवानगीने त्या बाई आरोपी आणि नात यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, त्या उलटतपासणी संपेपर्यंत हलल्या नाहीत. नात शेवटपर्यंत बोलली.

बाईंचे नाव विचारायचे राहिले. नात आता महाविद्यालयात आहे. त्या दिवसाचा विषय तिने काढलाच, तर ती साडीवरच्या पिवळ्या फुलांविषयीच बोलते.