जन्मापासूनच आहे

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. नवरा आता नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी इकडे हिंदी मुलखात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते; गोष्ट सरळ सांगून मोकळं व्हायची सवय आहे. ही मात्र सरळ येत नाही.

गोष्ट माझ्या मुलाच्या, निखिलच्या, शूच्या जागेची आहे. लाज वाटते ना वाचायला? मलाही वाटली — तेव्हा, आणि नंतर बोलायच्या प्रत्येक वेळी.

निखिल तान्हा होता तेव्हा लस टोचताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या — पुढची कातडी चिकटलेलीच असते, ओढू नका, काही वर्षांत आपोआप सुटते. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण आमच्या घरी तेल लावून आंघोळ घालताना ती थोडी थोडी मागे सारायची रीत. सासूबाई म्हणायच्या, "मांगं सारत जाय वं, नाही तं आत मळ साचते." त्यांचा हात हलका होता. माझा? मला काम उरकायचं असतं. एका रविवारी — बरणीचं घट्ट झाकण उघडावं तसा — मी जोर लावला.

तो किंचाळला. रक्त आलं. मी हळद लावली आणि सासूबाईंना म्हटलं, मुंगी चावली.

जखम भरली, पण कातडी आखडत गेली. शाळेत जायला लागला तेव्हा शू करताना तिथे फुगा यायचा, धार बारीक, आणि तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. सर्जनकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कभी किसी ने ज़ोर से पीछे खींचा था क्या?" नवरा शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "नहीं, जनम से ही है."

किती सोपं होतं!

सुंता करावी लागली. आमच्यात करत नाहीत. धाकटा दीर घरभर ऐकू जाईल असं म्हणाला, "काहून वहिनी, धरम बदलवला का पोट्ट्याचा?" सगळे हसले. मीही हसले. निखिल दाराच्या पडद्याआड उभा होता — दिसत होता मला.

आता त्याला मुलगा आहे, आदी. तीन वर्षांचा. त्याची कातडी मागे जात नाही म्हणून निखिल घाबरला. आम्ही समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, या वयात असंच असतं, फुगा नाही, इन्फेक्शन नाही, हात लावू नका. निखिल ऐकेना. "सर, मुझे भी जनम से था. मैंने जो झेला, ये नहीं झेलेगा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "माताजी, इनका बचपन में किसी ने खींचा तो नहीं था?"

तोच प्रश्न. सून माझ्याकडे बघत होती, आदी माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या फिरवत होता. मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं. मला कळत नव्हतं असं वाटतं का?

"नहीं," मी म्हटलं.

निखिलने दुसरा डॉक्टर शोधला. तारीख ठरली. मधले दिवस मी रोज सकाळी चहा ओतताना ठरवायची — आज सांगायचं. सांगितलं तर आदी सुटेल. सांगितलं तर निखिलला कळेल की भिंतीला टेकलेलं ते डोकं, तो पडदा, ते हसू — सगळं माझ्या हातचं होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निखिल कप उचलून घेऊन जायचा. मी दुसरा कप भरायची.

झालं ऑपरेशन. ज्या पोराला काही आजार नव्हता, त्याचं झालं.

काल निखिल आदीला सैल झबलं घालत होता. आदी पाय फाकवून उभा, माझा पदर मुठीत धरून रडत होता. निखिल म्हणाला, "अच्छा हुआ मम्मी, तूने बता दिया था कि मुझे जनम से था. टाइम पे हो गया."

मी मान डोलावून "हव" म्हटलं, आणि आदीची चड्डी धुवायला नेली.