चाकं बसतात, असं मी म्हणालो

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, अण्णापाशी तर नाहीच. आणि आज लिहितोय ते धीर आलाय म्हणूनही नाही — मराठीत लिहितोय, आणि आमच्या तंजावुरात देवनागरी वाचणारे उरलेत किती? माझ्या स्वतःच्या मुलीला हे वाचता येणार नाही. म्हणजे मन मोकळं करायचं, तेही जिथे ऐकायला कोणी नाही अशी जागा बघून. मी असा आहे. पुढचं वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कोणालाही काही लोखंडी घ्यायचं असलं की मला बोलावणं येतं. पंप, जनरेटर, फाटकाच्या बिजागऱ्या — काहीही. ‘तू पाहिलंस ना? मग झालं.’ हे वाक्य मला फार आवडायचं. का नाही आवडणार? घाम न गाळता मिळणारा मान कोणाला नको असतो? मी खिशात हात घालून उभा राहायचो, मान हलवायचो, आणि लोक माझ्या मानेवर विश्वास ठेवून वस्तू घरी न्यायचे. आता त्या मानेचीच चीड येते.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. ओरत्तनाडूकडे त्याची भातशेती आहे, ट्रॅक्टर आहे, ट्रेलर आहे. त्या ट्रेलरच्या रिमांना तडे गेले होते. आमच्याकडे अशा वेळी नवीन रिम कोणी घेत नाही, मोडीत निघालेल्या ट्रकची चाकं आणून चढवतात. यात वाईट काही नाही, नीट पारखून घेतली तर ती वर्षानुवर्षं चालतात. तर तिरुच्ची रस्त्यावर जुन्या सामानाच्या एका आवारात अण्णा मला घेऊन गेला. त्याच्या ट्रेलरचं जुनं हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो मधला भाग, आणि चार नट आम्ही पिशवीत घालून बरोबर नेले होते — पारखायलाच नेले होते ना?

चाक बसतं की नाही हे कसं बघतात, ते मी पोरांना फळ्यावर शिकवतो. बोल्टची भोकं मोजायची. भोकांचं वर्तुळ जुळतंय का बघायचं. मग चाक हबवर प्रत्यक्ष चढवायचं, नट आवळायचे आणि नट भोकात कसा टेकतोय ते डोळ्यांनी बघायचं. काही रिमांच्या भोकांना आतून उतार असतो, नरसाळ्यासारखा. तिथे निमुळत्या तोंडाचाच नट लागतो. सपाट नट लावला तर तो नुसता कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, रिकाम्या गाडीला कळतही नाही — पण भार पडला की सैल होत जातो. हे मला ठाऊक नव्हतं का? यावर मी परीक्षेत प्रश्न काढलेत!

मी भोकं मोजली. वर्तुळ जुळलं. मग एका भोकात बोट घातलं.

बोटाला उतार लागला. स्पष्ट लागला. आणि पिशवीतले नट सपाट होते.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, आणि राहुकाळात आमच्या घरात कोणी सुईसुद्धा विकत घेत नाही. अण्णा फाटकाबाहेर गाडीत बसून घड्याळ बघत होता. आवारवाला म्हणत होता, एक चाक हबवर चढवून बघा, अर्धा तास लागेल. अण्णानं काच खाली करून विचारलं, “नीट पाहिलास का पा? राहुकाळ लागत्ये बघ.”

“पाहिलें अण्णा,” मी म्हणालो. “बसतात.”

आता तुम्ही म्हणाल, बिचारा, थोरल्या भावाच्या धाकात होता, रूढीपुढे त्याचं काय चालणार. कृपा करून म्हणू नका! राहुकाळ बारा वाजता संपतो. समोरच्या हॉटेलात डोसा खाऊन बारानंतर चाक चढवून बघता आलं असतं. अण्णा एका शब्दानं नाही म्हणाला नसता. निमुळत्या नटांचा डबाही तिथेच, आवारवाल्याच्या फळीवर भरलेला होता. नुसतं बोट दाखवायचं होतं. मग मी का नाही दाखवलं? ऊन होतं. शर्ट पांढरा होता. आणि ‘हा एका नजरेत सांगतो’ अशी माझी जी ख्याती होती, तिला अर्धा तास लागणं मला मानवत नव्हतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून मी कितीदा स्वतःला फसवलंय.

चाकं चढवली सेल्वमनं. सेल्वम अण्णाचा ट्रॅक्टर-ड्रायव्हर, अण्णाच्याच गावचा, एका मोठ्या मुलीचा बाप, स्वभावानं गरीब. सुरुवातीला काही झालं नाही, कारण ट्रेलर रिकामाच फिरत होता. मग पोंगल झाला, भाताची काढणी लागली, पोती भरून ट्रेलर सरकारी खरेदी केंद्राकडे जायला लागला, आणि एका सकाळी सेल्वमचा मला फोन आला. सार — सरांना आमच्याकडे सार म्हणतात — नट सैल होतात. रात्री आवळले तरी सकाळी सैल. काय करू?

त्या क्षणी मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं. पण नट बदल म्हणून सांगायचं तर ‘मग तेव्हा काय बघितलंस?’ असं अण्णा विचारणार. मी सेल्वमला म्हणालो, रोज सकाळी घट्ट आवळत जा, नव्यानं चढवलेल्या चाकांचं असंच असतं.

आणि तो आवळत राहिला. मी सांगितलं म्हणून — रोज.

मग व्हायचं ते झालं. कालव्याच्या कडेच्या वळणावर डावं चाक निखळलं आणि भरलेला ट्रेलर कालव्यात कलंडला. सेल्वमनं उडी मारली म्हणून वाचला. पोत्यांवर नेहमी दोन बाया बसून जायच्या, त्या नेमक्या त्याच दिवशी आल्या नव्हत्या. कोणी मेलं नाही — हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता त्याचीही किळस येते.

संध्याकाळी अण्णाच्या अंगणात सेल्वम उभा होता, कपडे चिखलानं भरलेले. गावातले चारजण जमले होते. अण्णा संतापला होता, पोलिसांत देतो म्हणत होता. सेल्वम तमिळमध्ये एकच सांगत होता, “अय्या, मी रोज सकाळी नट आवळत होतो. सारना विचारा. सारना ठाऊक आहे.” आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी भरवशानं.

अण्णा माझ्याकडे वळला आणि मराठीत बोलला. परक्यांसमोर घरचं बोलायचं झालं की आम्ही सगळे तेच करतो. दुकानात भाव करताना, नोकरासमोर नोकराबद्दल बोलताना, पाहुणा कंटाळा आणायला लागला की. लहानपणापासून ही आमची गंमत! समोरच्याच्या तोंडावर काय हवं ते बोलायचं आणि तोंड हसरं ठेवायचं. मला त्यात कधी काही वाईट दिसलं नव्हतं.

“तूं चाक चढवून पाहिलें होतेंस की नाहीं?” अण्णानं विचारलं. “खरें सांग.”

“पाहिलें होतें,” मी म्हणालो. “पक्कें बसत होतें. त्यानेंच नट आवळले नाहींत. पण पोलिसांत नको अण्णा. घरीं पाठव त्याला, पुरे.”

हे मी कसं बोललो माहितेय? हळू आवाजात. समजुतीच्या सुरात. सेल्वमच्या खांद्यावर हात ठेवून! तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शब्द कळत नव्हता, पण सूर कळत होता. अण्णाचा आवाज खाली आला तसा सेल्वमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. माणसाला त्याच्या समोर उभं करून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचा गळा कापता येतो — आणि तो आभार मानतो.

आणि पोलिसांत नको म्हणालो ते काय दया म्हणून? पोलीस आले असते तर कोणीतरी रिम उलटून पाहिली असती. दुसऱ्याच दिवशी मी स्वतः उभा राहून ती चाकं भंगारात घातली. अण्णाला वाटलं, धाकटा किती धावून येतो.

सेल्वमला त्यानं कामावरून काढलं. ‘नट न आवळणारा ड्रायव्हर’ — एवढी गोष्ट आमच्या भागात पुरते. ट्रॅक्टरच्या सीटवर त्याला पुन्हा कोणी बसवलं नाही. ओरत्तनाडूत नाही, इकडे तिरुवैयारूपर्यंत कुठे नाही. आता तो खरेदी केंद्रावर पोती उचलतो. ज्या केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन ऐटीत यायचा, तिथेच. पाठ गेलीये त्याची. एकदा बसमधून जाताना मी त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तो मात्र तोंड फिरवत नाही. गेल्या आठवड्यात बायकोला घेऊन तो माझ्या घरी आला. हातात ताट — विड्याची पानं, नारळ, हळद-कुंकू आणि लग्नाची पत्रिका. मुलीचं लग्न ठरलंय. ताट माझ्या हातात देऊन तो बायकोला म्हणाला, “त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलले ते हेच सार. हे नसते तर मी तुरुंगात गेलो असतो.” ती बाई वाकली आणि तिनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला नाही.

माझी बायको आतून आली होती. तिनं विचारलं, काय हो, काय बोलला होतात तुम्ही याच्या बाजूनं? मराठीत विचारलं. मराठीतच काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची सोय होती. पण मी तिला उत्तर दिलं ते तमिळमध्ये — मोठ्यानं, त्या दोघांनाही नीट ऐकू जाईल असं. म्हणालो, “याची काही चूक नव्हती. तेवढंच मी सांगितलं.”

सेल्वमचे डोळे भरून आले. मी त्यांना बसा म्हणालो, कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणालो. त्यांनी कॉफी घेतली. जाताना त्यानं पुन्हा हात जोडले, आणि मीही जोडले.